अकरा आणि बाराच्या मध्ये

तलावात एकतीस दिवसांचं पाणी उरलं होतं त्या दिवशी साहेबांनी टंचाई आराखड्याची सातवी बैठक घेतली. दोन तास चर्चा झाली आणि एवढंच ठरलं की आठवी बैठक लवकर घ्यायची.

मी पाणीपुरवठा खात्यात उपअभियंता आहे. नोकरीला एकोणीस वर्षं झाली. टंचाई आराखडा हे नाव भारदस्त वाटतं, पण काम साधं असतं: कुठल्या भागाला आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं पाणी सोडायचं, आणि कुणाला सोडायचंच नाही, ते ठरवायचं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पण आराखड्यात तसं लिहिता येत नाही. तिथे ‘उपलब्ध स्रोतांचे सुयोग्य नियोजन’ असं लिहावं लागतं. साहेब प्रत्येक मुद्द्याला चष्मा काढून पुसायचे आणि म्हणायचे, ‘बघूया.’ खात्यात मागून सगळे त्यांना बघूयासाहेबच म्हणत.

माझ्या आराखड्यात सगळ्यात वाईट अवस्था एका गल्लीची होती. शहराच्या अगदी शेपटाला, चढावर, पुढे रस्ता बंद. एका बाजूला एक ते एकोणीस, समोर वीस ते अडतीस, सगळी घरं भिंतीला भिंत लागून. टाकीपासून इतकी लांब की प्रेशर जरा कमी झालं की आधी तिथले नळ कोरडे. आठवड्यापासून तिथलं पाणी बंदच केलं होतं. एक दिवसाआड टँकर, घरटी चार बादल्या. त्या यादीवर सही माझी, आणि त्या गल्लीत बारा नंबरला माझी ताई राहते.

भाऊजी दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले. उजवी बाजू लुळी. चार बादल्यांतल्या दीड बादल्या त्यांच्याच चादरी आणि कपड्यांत जायच्या. ताई मला फोन करत नसे. ती खात्याच्या तक्रार नंबरवर फोन करायची, चारचौघांसारखी रीतसर तक्रार नोंदवायची आणि फोन ठेवायची. तिनं घरी येऊन चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं त्याच गल्लीत ड्रेनेजचं काम निघालं. जुनी लाइन साठ वर्षांची, ठिकठिकाणी तडकलेली. रस्ता न खोदता तिच्या आतून नवं अस्तर चढवायचं होतं. ड्रेनेजचा अभियंता लांबच्या रजेवर गेला आणि ‘उन्हाळ्यापुरतं तुम्हीच सांभाळा’ म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. अस्तर चढवायचं तर लाइन आतून कोरडी लागते. म्हणून अडतीसच्या अडतीस घरांची लाइनीत उघडणारी तोंडं रबरी बुचं ठोकून बंद केली, आणि त्यांचं सांडपाणी रस्त्यावर टाकलेल्या तात्पुरत्या पाइपातून पुढं नेलं.

तिसऱ्या दिवशी कंत्राटदाराचा फोन आला. तो फारसा बोलणारा माणूस नव्हता.

‘मॅडम, लाइन कोरडी होत नाही.’

‘बुचं तपासा.’

‘दोनदा तपासली. अडतीस आहेत, सगळी घट्ट आहेत. पाणी येतंय.’

मी जाऊन पाहिलं. शेवटच्या चेंबरचं झाकण उघडून आत टॉर्च मारला तर तळाशी दोन बोटं पाणी वाहत होतं. साबणाचा फेस होता. हात लावला तर कोमट. कुणाच्या तरी नुकत्याच झालेल्या आंघोळीचं पाणी.

पाणी कुणाला मिळत नाही म्हणून मी रोज बोलणी खात होते, आणि इथे कुणीतरी बादल्याच्या बादल्या ओतत होतं. माझं डोकं फिरलं. चोरून जोडलेला नळ, आणि बूच काढून पुन्हा बसवायची चलाखी. दुसरं काय असणार? मी चेंबरमध्ये मीटर बसवायला सांगितलं.

चोवीस तासांत आठशे दहा लिटर.

‘मीटर खराब असेल,’ साहेब म्हणाले. दुसरा बसवला. आठशे बारा. तिसरा आणला. आठशे नऊ.

‘बघूया,’ साहेब म्हणाले.

मीटर दर मिनिटाची नोंद ठेवतो. त्याचा आलेख मी टेबलावर पसरला आणि जेवणाची सुट्टी त्यातच घालवली. एकोणीस वर्षांत एक गोष्ट शिकले आहे: सांडपाणी खोटं बोलत नाही. घरात माणसं किती, कोण आधी उठतं, सगळं त्यात दिसतं. पावणेसहाला संडासाची पहिली टाकी. सहा ते सातमध्ये चार आंघोळी, एकामागून एक. आठला आणखी एक. मग भांडी, मग कपडे. दुपारी बाराला आणि चारला थोडं थोडं पाणी, तान्ह्या मुलाचे कपडे खळबळून काढावेत तेवढंच. माणशी रोज एकशे पस्तीस लिटर, हे आमच्या पुस्तकातलं प्रमाण. आठशे दहाला त्यानं भागलं.

सहा माणसं. पुस्तकात लिहिल्यासारखी, नीटनेटकी.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीतल्या प्रत्येक घरात शिरले. सोबत आमचा चावीवाला, म्हणजे रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडणारा-बंद करणारा माणूस. निवृत्तीला चार महिने राहिलेला, आणि शहरातला प्रत्येक नळ त्याच्या ओळखीचा. बाथरूमच्या कोरड्या फरशा पाहिल्या, पिंपं पाहिली, तळाशी गाळ आलेल्या बादल्या पाहिल्या. लोकांनी ऐकवायचं ते ऐकवलं. ‘पाणी द्यायला येत नाही, चोर शोधायला बरं येता येतं,’ एक आजोबा म्हणाले. त्यांचं काय चुकलं?

बारा नंबरला ताईनं दार उघडलं आणि बाजूला झाली.

‘या मॅडम. तपासा.’

‘ताई, मॅडम काय म्हणतेस?’

‘मग काय म्हणू? कामावर आली आहेस ना?’

भाऊजींच्या खोलीत वास होता. ताईनं खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, तरी होता. त्यांनी डावा हात जरासा उचलून मला ओळख दिली. मी मोरी पाहिली, बूच पाहिलं, वहीत ‘ठीक’ लिहिलं. निघताना ताई हळूच म्हणाली, ‘त्यांना आठवड्यात आंघोळ नाही गं. ओल्या फडक्यानं पुसते. मला स्वतःचीच लाज वाटते.’

मी वही मिटली. बोलण्यासारखं माझ्याकडे होतं काय? बैठकीचं इतिवृत्त?

अडतीस घरं, अडतीस बुचं. एकही चोर नाही. शेवटी कंत्राटदारानं लाइनीत कॅमेरा सोडला. चाकांवर चालणारा, पुढे दिवा लावलेला हा डबा केबलनं ओढत नेतात आणि गाडीतल्या पडद्यावर आतलं सगळं दिसतं. मी त्याच्या शेजारी बसून घरांची तोंडं मोजत होते. नऊचं बूच. दहाचं. अकराचं.

मग एक उघडं तोंड आलं. त्यातून पाण्याची बारीक धार लाइनीत पडत होती.

मग बाराचं बूच.

‘हे कुणाचं?’ मी विचारलं.

कंत्राटदारानं कागद पाहिला. ‘कागदावर नाही, मॅडम.’

आम्ही खाली उतरून रस्त्यावर मोजायची टेप टाकली. ते तोंड अकरा आणि बारा यांच्या सामाईक भिंतीच्या बरोबर समोर येत होतं. तिथे ना बोळ, ना फट. नऊ इंची एकच भिंत, एका अंगाला अकरा, दुसऱ्या अंगाला बारा.

कंत्राटदारानं लहान कॅमेरा आणला, घराकडे जाणाऱ्या बारीक पाइपात शिरणारा. त्याच्या डोक्यात एक यंत्र असतं. वर जमिनीवर दुसरं यंत्र धरून चाललं की कॅमेरा नेमका कुठं आहे ते शिटीसारख्या आवाजानं कळतं. कॅमेरा आत गेला. पाइप स्वच्छ, गुळगुळीत, काल टाकल्यासारखा. पाच मीटर. दहा मीटर. पंधरा. घरं बारा मीटर खोल आहेत, म्हणजे आता तो मागच्या रस्त्यावर असायला हवा होता.

‘कुठं आहे?’ मी चावीवाल्याला ओरडून विचारलं. यंत्र त्याच्या हातात होतं.

‘इथंच आहे, मॅडम.’ तो भिंतीच्या पायाशी उभा होता. ‘हललाच नाही.’

तीस मीटर. चाळीस. केबलचं रीळ भराभर सुटत होतं. पडद्यावर पाइप सरळ पुढं जात होता, आणि यंत्र त्याच जागी, भिंतीच्या बुडाशी शिटी मारत होतं. साठ मीटरला केबल संपली. कंत्राटदारानं कॅमेरा मागं घेतला, पुसला, पेटीत ठेवला.

‘यंत्र बिघडलं असेल,’ मी म्हणाले. बोलल्यावर लक्षात आलं, मी साहेबांसारखं बोलले.

ते तोंड बंद केल्याशिवाय अस्तर चढणार नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी भिंतीच्या पायाशी खणायला घेतलं. तीन फुटांवर कुदळ कशाला तरी लागली आणि पाण्याचा फवारा खिडकीपर्यंत उडाला. सांडपाणी नव्हे, पिण्याचं पाणी. ड्रेनेजच्या पाइपापासून दोन हातांवर एक इंचाची नळी होती, तीही त्याच भिंतीखाली जाणारी. लोक बादल्या घेऊन धावले. मजुरांनी तोंडं धुतली. चावीवाल्यानं ओंजळीत पाणी घेतलं आणि बराच वेळ तोंडात घोळवलं.

‘हे आपलं नाही, मॅडम,’ तो म्हणाला. ‘आपल्या पाण्याला औषधाचा वास असतो.’

मी कपाटातले सगळे नकाशे काढले. ती नळी कुठल्याच नकाशावर नव्हती. आजूबाजूचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून पाहिले. तिचं प्रेशर तसूभरही कमी झालं नाही. प्रयोगशाळेनं लिहून दिलं: पिण्यास योग्य.

आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा साहेब ‘बघूया’ म्हणाले नाहीत. म्हणाले, ‘जोडून टाका.’

मी थांबायला हवं होतं. एवढं पाणी कुठून येतं आणि कुणासाठी येतं हा साधा प्रश्न होता, आणि प्रश्न विचारायचाच मला पगार मिळतो. पण मी सहा आठवडे फक्त ‘नाही’ म्हणत होते. एकदा ‘आहे’ म्हणायचं होतं. आणि भाऊजींच्या खोलीतला तो वास माझ्या नाकातून जात नव्हता. सोमवारी सकाळी ती नळी कापून, मध्ये तीन तोंडांचा जोड घालून आम्ही ती गल्लीच्या लाइनीला जोडली.

अडतीस घरांत पाणी आलं. बायका नळ उघडून नुसत्या बघत उभ्या राहिल्या. त्या आजोबांनी मला चहा पाजला. ताईनं भाऊजींना खुर्चीवर बसवून न्हाऊ घातलं, तेव्हा मी त्यांना मागून धरलं होतं. डोक्यावर गरम पाणी पडलं तसे त्यांनी डोळे मिटले आणि घशातून हसल्यासारखा आवाज काढला. ताई रडत रडत साबण लावत होती.

‘तू केलंस ना हे?’ तिनं विचारलं.

मी हो म्हणाले.

टंचाईच्या काळात आम्हा अभियंत्यांना आळीपाळीनं तक्रारीच्या फोनवर बसवतात. माझी वेळ अकरा ते एक. बुधवारी एक फोन आला. बाईचा आवाज होता, दमलेला पण सभ्य.

‘अहो, दोन दिवस झाले, आमच्याकडे पाणी अगदी करंगळीएवढं येतंय.’

‘पत्ता सांगा.’

तिनं गल्ली सांगितली. मला आश्चर्य वाटलं. तिथे तर आता बक्कळ पाणी होतं. ‘घर नंबर?’

‘नंबर नाही आम्हाला. अकरा आणि बाराच्या मध्ये.’

माझं पेन थांबलं. गल्लीतलीच कुणीतरी थट्टा करतंय असं वाटलं. खणताना सगळ्यांनी पाहिलंच होतं.

‘तिथे घर नाहीये, बाई.’

‘असं काय करता?’ ती चिडली नाही, पण थकली. ताईला या नंबरवरून दर वेळी जी उत्तरं मिळत आली होती, ती ऐकून कुणीही असंच थकेल. ‘आमच्याकडे तान्हं मूल आहे. निदान तेवढ्यापुरतं तरी सोडा. बाराच्या आजारी माणसाला सकाळी उठवून बसवतात, तो खुर्चीचा आवाज येतो आम्हाला. त्यांच्याकडे पाणी आहे, आणि आमच्याकडे नाही, हे कसं?’

तक्रारीच्या फॉर्मवर पुढचा रकाना असतो. सवयीनं मी तोच विचारला. ‘घरात माणसं किती?’

‘सहा. लहान धरून.’

फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा आठवून पाहिलं, त्या आलेखाबद्दल, सहा माणसांबद्दल मी कुणाकुणाला सांगितलं होतं. कुणालाच नाही. साहेबांना मी फक्त लिटर सांगितले होते.

मीटर अजून चेंबरमध्येच होता. नवीन पाण्याच्या कौतुकात अस्तराचं काम मागं पडलं होतं. मी आलेख मागवला. सोमवारपासून पाणी कमी होत गेलं होतं. आंघोळी पाच होत्या, पण आखडलेल्या. कपडे नव्हते. मला वाटलं होतं तसंच. पाणी कमी तर वापर कमी.

शुक्रवारच्या आलेखात दुपारी बाराचं आणि चारचं ते थोडं थोडं पाणी नव्हतं.

शनिवारीही नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी मी ताईकडे गेले. भाऊजींच्या अंगावर पांढरीशुभ्र चादर होती. ताई भांडी घासत होती, नळ मोठा सोडून.

‘ताई, या भिंतीपलीकडून कधी आवाज येतात का गं?’

‘अकराचे ना? येतात की. सकाळी सकाळी भांड्यांचा फार आवाज. आणि ते मूल रडायचं रात्रंदिवस. ह्यांची झोपमोड व्हायची.’

‘ताई, अकराला मास्तर एकटेच राहतात.’

‘मग कुणी पाहुणे असतील.’ तिनं ताट विसळून पालथं घातलं. ‘आता नाही रडत दोन दिवस. बरं झालं बाई.’

मी नळ बंद केला.

सोमवारी पुन्हा फोन. तोच आवाज. मी पत्ता विचारला नाही.

‘तुम्ही काही केलं नाहीत,’ ती म्हणाली.

‘मी बघते,’ मी म्हणाले, आणि माझीच मला शिसारी आली. मग, का कोण जाणे, तोच रकाना विचारला. ‘घरात माणसं किती?’

‘पाच.’

मी रकान्यात पाच लिहिलं.

मी तशीच साहेबांच्या खोलीत गेले. ‘ती नळी बंद करायला हवी, साहेब.’

‘काय झालं? पाणी खराब आलंय?’

‘पाणी चांगलं आहे. पण ते कुणाचं तरी आहे.’

‘कुणाचं?’

मी सांगितलं. मीटर, आलेख, फोन, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हे मान्य करायला हवं. मग भिंतीवरच्या नकाशाकडे हात केला.

‘दाखवा.’

मी नकाशासमोर उभी राहिले. अकरा आणि बारा यांच्यामध्ये एक रेघ होती.

‘आराखड्यात ते नवीन स्रोत म्हणून वर गेलंय,’ साहेब म्हणाले. ‘अडतीस घरांना पाणी मिळतंय. तुमची बहीण त्यात आहे. तुम्ही दमल्या आहात. दोन दिवस सुट्टी घ्या.’

मी सुट्टी घेतली नाही. पण नळीही बंद केली नाही. दोन दिवस मी फायली पुढं ढकलत राहिले आणि स्वतःला समजावत राहिले, की रेघेत माणसं राहत नाहीत. एका बाजूला डोळ्यांदेखत न्हाणारे भाऊजी. दुसऱ्या बाजूला कागदावरचा चढउतार. मनात कुठेतरी मी बघूयाच म्हणत होते.

बुधवारी सकाळचा आलेख. आंघोळी तीन.

अकरा ते एक मी फोनसमोर बसले. इतर अठ्ठावीस तक्रारी आल्या. तिची आली नाही.

गुरुवारी आंघोळ एक.

मी चावीवाल्याला गाडीत घातलं आणि गल्लीत गेले. दुपारचे बारा वाजले होते. ऊन मी म्हणत होतं. चावीवाल्यानं काहीही न विचारता जोडकामाचा व्हॉल्व्ह फिरवायला घेतला. मग थांबला.

‘लेखी आदेश नाही ना?’

‘नाही.’

त्यानं मान हलवली आणि उरलेले आठ फेरे फिरवले. जोड सोडून, कापलेली नळी होती तशी तिच्या तिला जोडली. आत पाणी गेल्याचा आवाज आला, लांबवर, रिकाम्या पाइपात जातो तसा. तो आवाज बराच वेळ जातच राहिला.

ताई दारात आली होती. हातात कोरडी बादली.

‘तूच दिलंस आणि तूच काढून घेतेस?’

‘ताई, ते आपलं नव्हतं.’

‘मग आपलं काय आहे?’ तिनं दार लावून घेतलं.

ऑफिसला येऊन मी संगणकावर चेंबरच्या मीटरच्या नोंदींवर नजर ठेवली. नळीला आता पूर्ण प्रेशर होतं. एक वाजला, दोन वाजले. शून्य. भांडी नाहीत, कपडे नाहीत, संडासाची टाकी नाही. तीन वाजले तेव्हा मला बसवेना. मी टँकरच्या खिडकीवर जाऊन एक टँकर मागितला. नेहमीचे सगळे चालक फेरीवर होते. दुसऱ्या डेपोतून त्याच दिवशी आलेला एकजण रिकामा बसला होता. त्याला शहराची माहिती नव्हती. मी त्याला पावतीपुस्तकात पत्ता लिहून दिला: गल्ली, अकरा आणि बाराच्या मध्ये. मागतील तेवढं द्या. सही घ्या.

‘सापडेल ना घर?’ त्यानं विचारलं.

‘नाही सापडलं तर परत या.’

का पाठवला? मला सांगता येणार नाही. तो परत येऊन ‘तिथं घरच नाही’ म्हणेल, आणि मग मला घरी जाऊन झोपता येईल, असं वाटलं असावं.

पाच वाजता तो आला. टेबलावर पावती ठेवली आणि रुमालानं मान पुसली.

‘दिलं, मॅडम.’

पावतीवर सही होती. वळणदार, बाईमाणसाची, नाव लागत नव्हतं. मी लिटरचा रकाना पाहिला. पंधरा. एक बादली.

‘दार कुठं होतं?’ मी विचारलं.

‘अकराच्या पुढचं. तुम्ही लिहिलं होतं तिथंच.’ त्याला प्रश्न कळला नव्हता. ‘बाई चांगल्या होत्या. त्रास दिला म्हणाल्या. आता नळाला आलंय, पण तुम्ही एवढ्या लांबून आलात, म्हणून घेते म्हणाल्या.’

‘एकच बादली घेतली?’

‘मीही तेच म्हटलं. अख्खा टँकर भरलेला आहे, पिंपं आणा, सगळं भरून देतो.’ तो पावतीपुस्तक खिशात घालत उठला. ‘तर म्हणाल्या, आता एका माणसाला किती लागतं.’